बैलाचा खांदा सोललाय, पुढे काय? (सरकारी पशुवैद्यक आणि त्यांचे अधिकार)

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:१५

मंडळी, जरा लांबण लागेल, पण वाचा.

मी वाळवा तालुक्यातला. गेल्या गुरुवारी आमच्या रानात ऊसतोड होती, पाच टायरगाड्या. चहाची किटली घेऊन बांधावर गेलो तर एका गाडीचा डावा बैल मान तिरकी करून उभा. जवळ जाऊन बघितलं. खांद्यावर नारळाएवढी गाठ, वरचं कातडं तळहाताएवढं सोललेलं, आत लालभडक, कडेनं पू. जुवाला फडकं गुंडाळलं होतं, ते जखमेला चिकटून वाळलेलं. गाडीवानानं शिवळ (जुवाची खुंटी) काढली तशी फडकं ओढलं गेलं. बैलानं नुसती पाठीची कातडी थरथरवली.

गाडीवान पोरगा, असेल बावीस-तेवीसचा. म्हटलं, अरे सोड त्याला आठ दिवस. तर म्हणतो, "दादा, सोडतो की. उचल तुम्ही फेडा." उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमानं, म्हणजे मजुरांच्या ठेकेदारानं, दिलेली आगाऊ रक्कम.

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. संध्याकाळी मोटारसायकलवरून आले. जखम धुतली, इंजेक्शनं दिली, सुजेवर लावायला मॅगसल्फ-ग्लिसरीनचा लेप दिला आणि चिठ्ठीवर लिहिलं: १५ दिवस जुवाखाली घेऊ नये. पोरानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तोच बैल त्याच गाडीला.

पुन्हा फोन केला. डॉक्टर म्हणाले, "मी लिहून देऊ शकतो. बैल सोडवून नेणं माझ्या हातात नाही."

आता सांगा, मग सरकारी डॉक्टरचं काम नक्की काय? लस टोचणं आणि रेतन करणं एवढंच? शेजारी म्हणतात पोलिसात दे. बायको म्हणते त्या पोराच्या पोटावर मारू नका. मला दोघांचंही पटतंय, झोप मात्र लागत नाही.

---

सुई_सिरिंज | शनिवार, रात्री ११:४०

कृष्णाकाठ, तुमच्या डॉक्टरांनी खोटं सांगितलेलं नाही. मी २१ वर्षं याच खात्यात आहे (जिल्हा विचारू नका), आज माझ्याकडे तीन दवाखाने आहेत. एक माझा, दोन अतिरिक्त कार्यभार.

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातलं कलम ११ बघा. आजारी, म्हातारं, जखमी किंवा अंगावर व्रण असलेलं जनावर कामाला जुंपणं हा गुन्हा आहे. तुमचा बैल त्यात शब्दशः बसतो. पण दंड किती? पहिल्या खेपेला १० ते ५० रुपये. १९६० साली तो दंड असेल, आज चहा-वडापावचा खर्च आहे. आणि जनावर ताब्यात घ्यायचा अधिकार कलम ३४ प्रमाणे पोलीस शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला किंवा सरकारनं नेमलेल्या माणसाला. त्यानं जनावर दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासायला आणायचं. म्हणजे मी येतो तो तपासणारा म्हणून. बैल धरून आणणारा दुसरा, निकाल देणारा तिसरा.

मात्र एकदा का जनावर कोर्टाच्या हुकमानं उपचाराला ठेवलं, की कलम ३५ आमच्या बाजूनं आहे. दंडाधिकाऱ्याचा वेगळा आदेश नसेल तर त्या भागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं "हे आता सोडण्यालायक आहे" असा दाखला दिल्याशिवाय ते मालकाकडे परत जात नाही. खर्चही मालकाच्या अंगावर. २१ वर्षांत माझ्यावर ही वेळ दोनदा आली, फक्त दोनदा.

का, तेही सांगतो. माझ्या मासिक अहवालात रेतन किती, गाभण किती, लसीकरण किती, खच्चीकरण किती, कानातले बिल्ले किती, सगळ्याला रकाना आहे. "जखमी जनावर कामावरून सोडवलं" याला रकाना नाही. ज्याला रकाना नाही त्याचं लक्ष्य नाही, आणि लक्ष्य नाही त्याचा आढावा नाही. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ साली म्हटलं होतं, पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक हवा. माझ्या तीन दवाखान्यांची जनावरं मोजायला गेलो तर रात्र जाईल.

श्रेणी-२ च्या दवाखान्यात तर पदवीधर डॉक्टरच नसतो, पशुधन पर्यवेक्षक असतो. माणूस अनुभवी असतो, कामही करतो, पण कोर्टात त्याच्या कागदावर वकील पहिला प्रश्न टाकतो: तुम्ही नोंदणीकृत पशुवैद्यक आहात का?

---

गेवराईकर | रविवार, सकाळी ७:०५

माझा बाप सतरा हंगाम टायरगाडीवर होता. मी त्या गाडीत उसाच्या वाढ्यावर झोपून मोठा झालो. म्हणून सांगतो, त्या पोराला दुष्ट समजू नका.

बैलजोडी त्याची स्वतःची असते. जोडीला लाखाच्या वर पैसे पडतात, ते कर्जाचे नाहीतर उचलीतले. बैल मेला तर तोच बुडतो. माझा बाप रात्री स्वतः जेवायच्या आधी बैलाच्या खांद्याला हळद-तेल लावायचा. तरी सकाळी जुंपायचाच. कारण खाडा पडला की मुकादम वहीत लिहितो.

खांदा का सोलतो? दोन-अडीच टन ऊस. शेतातून डांबरीवर यायची चढण. पुढं कारखान्यावर नंबर. गाड्यांची रांग गव्हाणीपर्यंत (ऊस टाकायची जागा), कधी रात्रभर. काही जण बैल सोडून धुरेला टेकू लावतात, पण रांग दर अर्ध्या तासाला पुढं सरकत असली की कोण सोडणार? बैल भरल्या गाडीखाली उभा. चालताना जू हलतं तरी, उभ्या बैलाच्या मानेवर ते एकाच जागी रुततं. १९६५ चे नियम आहेत म्हणे, सलग पाच तासांच्या वर आणि दिवसाला नऊ तासांच्या वर जुंपायचं नाही. मी ते कॉलेजात वाचले. बापाला सांगितले तर तो हसून म्हणाला, "ते नियम उसाला वाचून दाखव."

आता सरकारी डॉक्टरचं. आमच्या गावात दवाखाना आहे, डॉक्टर आमच्या बैलांना ओळखतो. पण आम्ही गावात कधी? दिवाळीनंतर गेलो की गुढीपाडव्याला परत. तिकडं कृष्णाकाठच्या डॉक्टरच्या वहीत आमचा बैल नाही. त्याची जनावरं वेगळी, त्याची लक्ष्यं वेगळी. फडाला गाव नसतं, म्हणून फडावरच्या बैलाला डॉक्टरही नसतो.

पण एक गोष्ट लक्षात आहे. २०२२ ला लम्पी (गुरांचा त्वचारोग) आला तेव्हा आमच्याकडं बैलाला लस टोचल्याचा दाखला मागितला. कानातला पिवळा बिल्ला बघितला, बारा आकडी नंबर उतरवून घेतला. एकेक बैल बघितला. म्हणजे बघता येतं! रोग पसरायची भीती होती तेव्हा प्रत्येक बैलापाशी माणूस पोचला. त्याच माणसानं हात वर करून खांद्यावरून फिरवला असता तर?

---

निवांत_बसा | रविवार, सकाळी ९:३०

माणसांच्या दवाखान्यात डॉक्टर नाही आणि इथं बैलाच्या खांद्यावर चर्चासत्र. चालू द्या.

---

सुई_सिरिंज | रविवार, सकाळी ९:४४

निवांत_बसा, तुमच्या चहातलं दूध कुठल्या गोठ्यातून येतं तेवढं बघून या. मग निवांत बोलू.

गेवराईकर, लम्पीचं तुम्ही बरोबर पकडलंत. ते दिवस मी विसरणार नाही. राज्यात गाई-बैलच एक कोटी एकोणचाळीस लाखांच्या घरात आणि लम्पीवर वापरायची शेळ्यांच्या देवी रोगाची लस घेऊन आम्ही दारोदार. मेलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० रुपये मदत होती आणि पंचनाम्यावर सही आमची. त्या तीन महिन्यांत मला गावात जेवढा मान मिळाला तेवढा आधी नाही, नंतर नाही. सहीला पैसे लागले होते ना. खांदा सोलल्याच्या सहीनं कुणाला रुपया मिळत नाही, उलट जातो.

---

पेठेतली_मांजर | रविवार, दुपारी १२:२०

बैलांमधलं मला फारसं कळत नाही, पण सरकारी डॉक्टरच्या कागदाची किंमत मी पुण्यात अनुभवली आहे.

आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत चार कुत्री मेली. तोंडाला फेस, पाय ताठ. आम्ही खाजगी डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले विषच आहे. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, कशावरून? सरकारी पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल आणा. तोवर एका कुत्र्याला सोसायटीनं पुरूनही टाकलं होतं.

उरलेली तीन कुत्री रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेली. रिक्षावाल्यानं दुप्पट पैसे घेतले, त्याला दोष नाही. रविवार होता. तरुण डॉक्टर होत्या, मदतीला फक्त परिचर. मी दारात उभी होते. बाईंनी जठर, त्यातलं अन्न, यकृत, मूत्रपिंड असं वेगवेगळ्या बरण्यांत घेतलं, वर मिठाचं संपृक्त द्रावण ओतलं, बरणीच्या तोंडाला कापड बांधून लाखेचं सील मारलं. प्रत्येक बरणीवर नंबर, तारीख, सही. मग मला म्हणाल्या, "प्रयोगशाळेत पोलीसच पाठवतात, मी नाही. तुम्ही चौकीत रोज विचारत राहा, नाहीतर बरण्या कपाटावरच राहतील."

राहिल्या असत्याच. आम्ही अकरा वेळा गेलो. शेवटी अहवालात कीटकनाशक निघालं आणि गुन्हा दाखल झाला. तेव्हा भारतीय दंड संहिता होती, आता न्याय संहितेत कलम ३२५ आहे, प्राण्याला मारलं किंवा निकामी केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. माणूस अजून सापडलेला नाही. पण त्या बाईंनी रविवारी सुरी हातात घेतली नसती तर "कुत्री आजारानं मेली" एवढ्यावरच सगळं मिटलं असतं.

---

घाटाचा_राजा | रविवार, दुपारी ३:१०

आमच्या बैलगाडा शर्यतीचं कुणी काढायच्या आत मीच काढतो.

२०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यत बंद केली. २०१७ ला विधिमंडळानं कायदा केला, तरी डिसेंबर २०२१ पर्यंत घाट (शर्यतीच्या धावपट्ट्या) गप्प होते. मग परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. आम्ही गुलाल उधळला. पण त्या कायद्यात काय आहे ते आमच्यातल्या निम्म्यांनी वाचलेलं नाही. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, धाव हजार मीटरच्या आत, बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही, शॉक नाही, पाजायचं नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि बैल पळायला तंदुरुस्त आहे हे डॉक्टरनं सांगायचं.

मी दर यात्रेला घाटात असतो. मागच्या साली एका ठिकाणी दोनशेच्या वर गाडे आणि डॉक्टर दोन. सकाळी सातला टेबल मांडलं, नऊपर्यंत निम्मे दाखले तयार! एका बैलाला किती सेकंद मिळाले, तुम्हीच हिशेब करा. एक जुना बैल पुढच्या पायानं लंगडत होता, डॉक्टरनं बाजूला काढला. मालक कोण होता ते सांगत नाही, पण पाच मिनिटांत स्टेजवरून माईकवर, "डॉक्टरसाहेब, जरा सहकार्य करा." पाच हजार लोकांसमोर. डॉक्टरनं मान खाली घालून तसंच लिहिलं, "उजवा पुढील पाय, लंगडी, अपात्र." त्या दिवसापासून मी त्या माणसाला नमस्कार करतो.

---

वकिलीण | रविवार, रात्री ८:५०

कृष्णाकाठ, आता तुमच्या प्रश्नाकडे वळते.

जखमी जनावर जुंपणं हा त्या कायद्यात अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करणार नाहीत. आणि तक्रार करायचीच असेल तर घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला उभा राहायला हवा, नंतर कायदा हात वर करतो. त्यामुळे "हंगाम संपला की बघू" चालत नाही.

दुसरं. डॉक्टरांनी दिलेली ती चिठ्ठी औषधाच्या कागदावर आहे की आवक-जावक नंबर असलेल्या पत्रावर? फार फरक पडतो. लिहिताना "१५ दिवस विश्रांती" एवढं पुरत नाही. जखम कुठे, किती सेंटीमीटर, ताजी की जुनी, कशामुळे, आणि "या स्थितीत जनावर कामास अपात्र आहे" असं स्पष्ट वाक्य. सोबत बिल्ल्याचा नंबर. हा नंबर नसला की आरोपीचा वकील म्हणतो, तो बैल वेगळा, हा वेगळा. माझ्यासमोर म्हटलंय.

जनावरांच्या वाहतुकीत मी हेच रोज बघते. १९७८ च्या वाहतूक नियमांनुसार प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि एका ट्रकमध्ये सहाच्या वर गुरं घालता येत नाहीत. ट्रक अडवला की ड्रायव्हरच्या खिशातून दाखला निघतोच. एका प्रकरणात दाखल्यावर "६ म्हशी, रंग काळा". बस्स. म्हशी काळ्या नाहीतर काय हिरव्या असणार? आत चौदा होत्या. सही खरी होती, मजकूर नंतर भरलेला. कोरा दाखला सही करून देणारा एक डॉक्टर शंभर प्रामाणिक डॉक्टरांच्या कागदाचा भाव उतरवतो. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद केल्यावर हे थोडं आवळलंय, दाखल्यावर नंबर येऊ लागलेत.

पण एक विनंती. तुमच्या प्रकरणात पोलिसांकडे आधी जाऊ नका. पोरगा कोर्टाच्या फेऱ्यांत अडकेल, मुकादमाचं काही जाणार नाही.

---

टेम्सकाठचा_परळकर | सोमवार, पहाटे २:१५

मी परळच्या कॉलेजातून पदवी घेऊन इंग्लंडला आलो, इथं कत्तलखान्यात सरकारी पशुवैद्यक म्हणून उभा असतो. इकडच्या २००६ च्या कायद्यात एक सोय मला फार आवडते. जनावराचे हाल होतायत, किंवा आहे तसंच चाललं तर होतील, एवढं पशुवैद्यकानं प्रमाणित केलं की स्थानिक पालिकेचा निरीक्षक किंवा पोलीस ते तिथल्या तिथं ताब्यात घेऊ शकतो. आणि त्याच्या आधीची पायरी म्हणजे सुधारणेची नोटीस: अमुक तारखेपर्यंत अमुक कर, नाहीतर खटला. बरीच प्रकरणं त्या नोटिशीवरच मिटतात. पोराला चिठ्ठीऐवजी तशी नोटीस मिळाली असती आणि तिची प्रत कारखान्याला गेली असती, तर?

इथं सगळं गोड आहे असं नाही. कत्तलखान्यातल्या पशुवैद्यकांत आम्ही परदेशीच जास्त, स्थानिक पोरांना ते काम नको असतं.

---

सुई_सिरिंज | सोमवार, रात्री १०:३०

परळकर, नोटिशीची प्रत कारखान्याला, हे डोक्यात बसलं.

घाटाचा_राजा, तुमच्या त्या डॉक्टरांना माझाही नमस्कार सांगा. माईकपेक्षा दबावाचा फोन वाईट, माईकला निदान साक्षीदार असतात.

एक प्रसंग सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात हायवेवर ट्रकनं एक बैल उडवला. मी पोचलो तेव्हा दुपारचे दीड. कंबर मोडलेली, मागचे पाय लाकडासारखे. शेपटीला टाचणी टोचली, काही नाही. पुढच्या पायांवर उठायचा आणि पडायचा, उठायचा आणि पडायचा. गुडघे डांबरावर घासून पांढरी हाडं दिसत होती. मालक गायब. चाळीसेक माणसं जमलेली. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी तोंडात पाणी घातलं.

अशा वेळेला कलम १३ आहे. मालक नसेल किंवा नाही म्हणत असेल तर पोलिसानं त्या भागाच्या पशुवैद्यकाला बोलवायचं, जनावर वाचत नाही किंवा ते जिवंत ठेवणं क्रूरपणा आहे असं त्यानं लिहून द्यायचं, मग दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं त्याला मरण देऊन शांत करायचं. मी सव्वादोनला ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं. औषध बॅगेत होतं. गर्दीतला एकजण म्हणाला, "डॉक्टर, सुई लावून बघा." आदेश देणारे दंडाधिकारी म्हणजे तहसीलदारसाहेब, ते बैठकीत. फौजदार भला माणूस, तीन फोन केले. मी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, पाठीवर गोणपाट ओले करून टाकले आणि उन्हात छत्री धरून बसलो. आदेश पावणेसहाला आला. बैल साडेपाचला गेला होता.

मला कुणी विचारतं तुमचं काम काय, तेव्हा मला ती छत्री आठवते.

---

गेवराईकर | सोमवार, रात्री ११:०२

डॉक्टरसाहेब…

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:२०

झालं ते सांगतो.

मंगळवारी डॉक्टरांना वकिलीणबाईंची पोस्ट वाचून दाखवली. हसले, म्हणाले "पाठवा मला." बुधवारी पुन्हा आले, यावेळी पत्र लेटरहेडवर: जखम नऊ बाय सहा सेंटीमीटर, बिल्ल्याचा नंबर, कामास अपात्र. प्रत कारखान्याच्या शेती खात्याला. मी स्वतः नेऊन दिली, पोच घेतली. शेती अधिकाऱ्यानं आधी कटकट केली, मग बारा आकडी नंबर बघून जरा गंभीर झाला. मुकादमाला बोलावलं. ठरलं असं की पोराची गाडी दहा दिवस उभी, तो आणि त्याची बायको ट्रॅक्टरच्या टोळीत तोडणीला. पैसे कमी मिळणार, पण खाडा धरायचा नाही. कागदावर नाही, तोंडी आहे. बघू.

एक गंमत म्हणजे शेती अधिकाऱ्यानंच डॉक्टरांना विचारलं, "यार्डात येऊन बाकीचे खांदे बघाल का?" डॉक्टर रविवारी जाणार आहेत, सुट्टीच्या दिवशी. ईश्वरपूरजवळच्या (पूर्वीचं इस्लामपूर) राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या पोरांनी २०२२ ला जुवाखाली आधाराला फिरतं चाक बसवलं होतं, त्याचंही बोलणं निघालं. अधिकारी म्हणाले, चढणीला बरं, सरीत अडकतं.

बैल आमच्याच गोठ्यात बांधलाय. सूज उतरतेय, कडेनं खपली धरलीय. पोरगा रोज संध्याकाळी येतो, न सांगता.

सुई_सिरिंज, एक विचारायचं होतं. पुन्हा जुंपताना जुवाला काय गुंडाळावं? पोरानं सायकलची जुनी ट्यूब आणलीय.

---

सुई_सिरिंज | गुरुवार, रात्री ९:५५

ट्यूब नको. घाम कोंडतो आणि कातडं सोलतं. आधी जुवावरचा खडबडीतपणा रंधा मारून काढा, काचकागदानं घासा. वर जुनी सुती गोधडी, रोज धुवून वाळवलेली. आणि पहिले आठ दिवस रिकामी गाडी.